वस्तीत दिवसभराची बालवाडी चालवायची असेल तर: सोलापूरच्या पूर्वभागातून

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच, ताई आमच्या वस्तीत पण दिवसभराची बालवाडी सुरू करायची आहे, खेळणी कुठून घेतलीत, छोट्या खुर्च्या किती लागतात, भिंतीवरची चित्रं कुणाकडून काढून घेतलीत. मी उलटा एकच प्रश्न विचारते. काल दुपारी तीन वाजता तुमच्या वस्तीतली तीन ते सहा वर्षांची पोरं कुठं होती? बहुतेकांना सांगता येत नाही. ज्यांना सांगता येत नाही त्यांनी आधी पंधरा दिवस वही घेऊन गल्ली फिरावी, खेळण्यांचं नंतर बघू.

मी पूर्वभागातली. इथं घरोघरी विड्या वळतात, ज्यांच्याकडं विडी नाही त्यांच्याकडं यंत्रमाग, नाहीतर हल्ली गारमेंटचं शिवणकाम. बाई मांडीवर सूप घेऊन बसते, पानं कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते, आणि पोरगं तिथंच शेजारी त्या भुकटीत रांगतं, खोकतं, झोपतं. माप द्यायला, म्हणजे वळलेल्या विड्या मोजून द्यायला, कारखान्यात जायची वेळ झाली की ते पोरगं थोरल्या बहिणीच्या कडेवर. ती थोरली असते आठ-नऊ वर्षांची, म्हणजे तिची शाळा बुडाली. हे नीट लक्षात घ्या, दिवसभराची बालवाडी एका पोराला सांभाळते आणि दुसऱ्या पोरीला शाळेत पाठवते. देणगी मागायला जाल तेव्हा पण हेच आधी सांगा, कारण ही दुसरी पोरगी कुणाच्याच हिशोबात नसते.

मग लोक म्हणतात अंगणवाडी आहे की. आहे, आणि मी तिच्या विरोधात एक शब्द ऐकून घेणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली तेव्हा तो देशभर गेला. पण अंगणवाडीचा दिवस दुपारी संपतो आणि आईचा संपत नाही. दुपार ते संध्याकाळ या मधल्या तासांसाठी आपल्याला काम करायचं आहे. दिवसभर म्हणजे अक्षरं आणि आकडे दुप्पट असा अर्थ घेऊ नका. दिवसभर म्हणजे पोटभर जेवण, दुपारची झोप, आणि एक मोठं माणूस जे घाईत नाही. बाकीचं सगळं या तीन गोष्टींभोवती बसवायचं.

गल्ली फिरताना काय विचारायचं, तर "बालवाडी काढली तर पाठवाल का" हे अजिबात नाही. सगळे हो म्हणतात, पाहुण्याला नाही कोण म्हणणार. काल काय झालं ते विचारा. काल सकाळी पोरगं किती वाजता उठलं, काय खाल्लं, अकराला कुणाजवळ होतं, तीनला कुणाजवळ होतं, तुमचं माप किती वाजता, कारखान्यात किती वेळ थांबावं लागलं, नवऱ्याची पाळी कितीची, घरात म्हातारं माणूस कोण आहे, शनिवारी काय असतं. एका घराला दहा मिनिटं लागतात, आणि बाईचे हात विडीवर चालूच असतात, ते थांबवायला लावू नका, तिचा रोज त्या हातांवर आहे. ३०-४० घरं झाली की वहीतच वेळापत्रक दिसायला लागतं. आमच्या गल्लीत दिसलं की साडेनऊच्या आधी कुणालाच गरज नाही, आणि पाचला बंद केलं तर निम्म्या आया येऊच शकत नाहीत. तरी आम्ही पहिल्या वर्षी पाचचीच वेळ ठेवली कारण आमच्या ताईंना घरी जायचं होतं, आणि तीन महिन्यांत पोरं निम्मी झाली. चूक आमची होती. वेळ साडेनऊ ते सहा केली, दोन ताई आगेमागे यायला लागल्या, पोरं परत आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आधी सेविकेकडं जा. तुमच्या वस्तीतली अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना न विचारता बाजूला दुसरं काहीतरी उघडलंत तर दोघांचंही नुकसान. तिच्या हजेरीतली पोरं कमी झाली की तिला वरून विचारणा होते, आणि पोराचं गरम जेवण, वजन-उंची, लसीची नोंद हे सगळं तिच्याकडं आहे. अंगणवाडीनं वर्षात ३०० दिवस पूरक आहार द्यायचा असतो, तो तुम्ही का सोडायचा? आमची पद्धत अशी की पोराचं नाव अंगणवाडीतच राहतं, सकाळी ते तिथंच बसतं, जेवतं, आणि मग आमची ताई जाऊन सगळ्यांना रांगेनं हात धरून आमच्या खोलीत आणते. ज्यांची आई लवकर जाते ती थेट आमच्याकडं येतात आणि आम्ही त्यांना अंगणवाडीत सोडतो. सेविकाताईंना सुरुवातीला वाटलं आम्ही त्यांचं काम हिसकावतोय. आम्ही त्यांना आमच्या पालकसभेत पुढच्या खुर्चीवर बसवलं, त्यांची रजिस्टरं लिहायला दुपारी एक तास आमची एक मुलगी दिली, आणि गाठ सुटली.

सेविकेच्या वर मुख्यसेविका, तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी, आपण सगळे सीडीपीओ म्हणतो. त्यांच्याकडं पाळणा योजनेबद्दल लेखी विचारा. केंद्राची जुनी राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ पासून मिशन शक्तीमध्ये पाळणा या नावानं आली, आणि त्यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची सोय आहे. सहा महिने ते सहा वर्षांची पोरं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. म्हणजे आपण जे मागतोय ते सरकारच्या कागदावर आहे. तोंडी विचारलंत तर "बघू" म्हणतील. अर्जासोबत तुमच्या वहीतली यादी जोडा: किती पोरं, कितीजणांची आई कामाला, कुठल्या कामाला, किती वाजेपर्यंत. अर्जावर आयांच्या सह्या आणि अंगठे घ्या आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

अर्जात कायद्याचा आधार लिहायचा असेल तर दोन-तीन ओळी पुरतात. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ४५ म्हणतं की सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत सगळ्या बालकांचं संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्य प्रयत्न करील. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ११ तीन ते सहा वयासाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करायला सरकारला वाव देतं. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा म्हणून तीन ते आठ वय एकत्र धरलंय, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. खरं सांगायचं तर यातलं काहीच पालकाच्या हातात ठोस हक्क देत नाही, सहाच्या पुढं शाळा हक्काची, सहाच्या आत प्रयत्नाची, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. पण अर्जाला वजन येतं म्हणून लिहा.

जागेचं सांगते. भाड्याची खोली शेवटचा पर्याय ठेवा, भाडं दरवर्षी वाढतं आणि मालकाच्या पोराचं लग्न ठरलं की खोली खाली करावी लागते. आधी समाजमंदिर बघा, मंडळाची खोली बघा, महापालिकेच्या शाळेत रिकामी वर्गखोली असेल तर शिक्षण विभागाला पत्र द्या. सोलापुरात महापालिकेच्या मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत, पट कमी झालेल्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना पण बालवाडी हवी असते कारण हीच पोरं उद्या त्यांच्या पहिलीत बसणार. कुंभारीकडं गोदूताई परुळेकर वसाहत आणि आता रे नगर झाल्यापासून हजारो कामगार घरं तिकडं गेलीत, तिकडं काम करायचं असेल तर वसाहतीतच जागा मागा, पोराला रिक्षानं शहरात आणायचा विचारसुद्धा करू नका. कामगाराच्या पोराला चालत येता आलं पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात हजेरी पडते.

खोलीत काय बघायचं: दोन बाजूंनी वारा, छत पत्र्याचं नको आणि असेलच तर वर पांढरा रंग आणि खाली आच्छादन, संडास जवळ आणि पोराच्या मापाचा, दाराला कडी पोराच्या हाताला न लागणारी, रस्त्याकडं उघडणारं दार असेल तर मध्ये अर्ध्या उंचीचं फाटक. आणि पाणी. सोलापुरात नळाला पाणी रोज नसतं हे आपल्याला सांगायला नको, चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, म्हणजे बॅरल आणि टाक्या आल्याच. बॅरलला घट्ट झाकण पाहिजे आणि तो पोरं जिथं खेळतात तिथं नको, लहान पोरगं बादलीभर पाण्यात पण बुडतं. आठवड्यातून एक दिवस बॅरल पूर्ण रिकामा करून आतून घासायचा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी आतल्या कडेला चिकटून राहतात, वरवर पाणी ओतून जात नाहीत. आमच्याकडं हे शनिवारी होतं आणि भिंतीवर टिक करायचा कागद आहे.

माणसं गल्लीतलीच घ्या. बाहेरून डीएड झालेली मुलगी आणली तर ती पहिल्या सरकारी भरतीला जाणार, आणि जावंच तिनं. विडी वळणारी, दहावी-बारावी झालेली, पोरांवर न खेकसणारी बाई शोधा आणि तिला विडीत मिळतो त्यापेक्षा जास्त पगार द्या, वेळेवर द्या. मानधन, सेवाभाव असल्या शब्दांखाली बाईला कमी पैसे देऊन दुसऱ्या बाईच्या पोराचं भलं करायचं, हे आपण करू नये. बालशिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणात २०१३ साली तीन ते सहा वयासाठी वीस पोरांमागं एक मोठं माणूस आणि तीनच्या खाली दहामागं एक असं प्रमाण दिलंय. मी म्हणते वीस पोरं असली तरी दोन माणसं पाहिजेतच, कारण एकजण संडासाला घेऊन गेली की बाकीच्या एकोणिसांजवळ कुणीतरी हवं.

नियम एक, कुठलंही मोठं माणूस पोराबरोबर बंद दाराआड एकटं राहणार नाही. कुणीही, अध्यक्षाचा भाऊ असला तरी. कामावर घ्यायच्या आधी पोलीस पडताळणी करा, पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ सगळ्यांना बसवून समजावून सांगा, त्यात असं आहे की असा प्रकार कळला आणि कळवला नाही तर तो पण गुन्हा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, आयांना पाठ करून घ्या.

आता दिवस कसा जातो. हेच लोकांना सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटतं आणि सगळं यावरच चालतं. आमच्याकडं पोरगं आलं की आधी हातपाय धुवून कपडे झटकायचे, ज्याच्या घरात तंबाखू आहे त्याच्या कपड्यांत तो येतोच, म्हणून प्रत्येकाचा एक साधा जाडा शर्ट इथंच असतो, तो घालायचा. मग अर्धा तास मोकळं खेळणं, कारण काही पोरं रडत येतात, काही भांडण बघून येतात, त्यांना लगेच गोलात बसवून गाणं म्हणायला लावलं तर ती गप्प होतात पण आत काहीतरी घट्ट होतं. खेळणी विकतची फार कमी. मागाच्या रिकाम्या बॉबिन, कापडाच्या चिंध्या, चिंचोके, शहाबादीवर खडू, वाळू, मापाचे डबे. गारमेंटवाल्यांकडं जाऊन चिंध्या मागा, पोतंभर देतात. बटणं मात्र तीनच्या खालच्या पोरांजवळ नको, नाकात घालतात.

मग गोष्ट, गाणी, मोजणी, मातीकाम, अंगणवाडीत आकार नावाच्या अभ्यासक्रमातलं जे चालू असेल त्याच्याशी जोडून. पाटीवर अ गिरवायची घाई करू नका. पालक मागतात, शेजारच्या इंग्लिश मीडियमचं पोरगं ए टू झेड म्हणतं म्हणून. आम्ही पहिल्या वर्षी त्यांच्या दबावाखाली दुपारी तीनला पण अक्षरं घेतली, पोरं कोमेजून गेली, दोघं अंथरूण ओलं करायला लागले असं आया सांगायला लागल्या. बंद केलं. आता पालकांना सांगण्यापेक्षा दाखवते, महिन्यातून एकदा आईला पाऊण तास गोलात बसवते, तिचंच पोरगं चिंचोके पाच-पाचचे ढीग करून मोजतं, गोष्ट उलटी सांगतं, तेव्हा तिची पाटीची मागणी आपोआप मागं पडते.

दुपारची झोप सोडू नका. तीन-चार वर्षांच्या पोराला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, आणि एका खोलीच्या घरात जिथं रात्री अकरापर्यंत विडीचं काम चालतं, रात्रपाळीवरून बाप येतो, शेजारी माग खडखडतो, तिथं एवढी रात्रीची झोप होतच नाही. म्हणून जेवणानंतर दीड तास. प्रत्येकाची स्वतःची सतरंजी, आणि सोलापुरात चादरीला काय तोटा, आम्हाला एका कारखान्यातून डाग पडलेल्या चादरी मिळाल्या, कापून लहान केल्या, कडा शिवल्या, प्रत्येकीवर वेगळं चित्र, म्हणजे नाव वाचता न येणारं पोरगं पण आपली उचलतं. आठवड्याला धुवायची. ज्याला झोप येत नाही त्यानं पडून चित्रं बघायची, ओरडायचं नाही, पण जबरदस्तीनं डोळे मिटायला लावायचं नाही. झोपायच्या वेळी ताई मोबाईल बघत बसली तर पोरांना कळतं, म्हणून मोबाईल कपाटात.

भाषेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वीस पोरांत अकरा घरी तेलुगू बोलतात, चार कन्नड, तीन उर्दू म्हणजे आपली दखनी, एक वडारी, एक मराठी. पहिल्याच आठवड्यात एक पोरगी दिवसभर चड्डी ओली करायची, ताई रागवायची, शेवटी कळलं ती "उच्च" म्हणून सांगत होती आणि नवीन ताईला तो लघवीचा तेलुगू शब्दच माहीत नव्हता. त्या दिवशी आम्ही ताईंसाठी भिंतीवर पंधरा शब्द चार भाषांत लिहिले. पाणी, नीळ्ळु, नीरु. भूक, आकलि. जेवण, ऊटा. आई हवी, दुखतंय, भीती वाटते, संडास. कमीत कमी एक ताई घरची भाषा बोलणारी असू द्या, ते सर्टिफिकेटपेक्षा महत्त्वाचं. पोराला आधी त्याच्या भाषेत हसू द्या, भांडू द्या, गोष्ट सांगू द्या, मराठी आपोआप येते कारण आजूबाजूला सगळीकडं तीच आहे. गोष्ट एकदा तेलुगूत, दुसऱ्या दिवशी तीच मराठीत. आजी लोकांना बोलवा, त्यांच्याकडं गाणी असतात आणि त्यांना कुणी बोलवत नाही.

जेवण. अंगणवाडीचं जेवण मिळत असेल तर आपण संध्याकाळचा भाग बघायचा, चारच्या सुमाराला. मिळत नसेल किंवा सुट्टीचा दिवस असेल तर पूर्ण आपल्यावर. पूरक आहाराचं ठरलेलं गणित तीन ते सहा वयासाठी दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं आहे, आणि ते आपल्या घरच्या डब्यातून सहज निघतं. एका पोराला ६० ग्रॅम तांदूळ किंवा ज्वारी, २५ ग्रॅम डाळ, १५ ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, चमचाभर तेल, थोडा गूळ आणि भाजी. एवढ्यात प्रथिनं चौदाच्या आसपास होतात. वीस पोरांना म्हणजे रोज सव्वा किलो धान्य, अर्धा किलो डाळ, ३०० ग्रॅम कूट. महिन्याचे २६ दिवस धरून किराण्याची यादी करा, एकदम घाऊक बाजारातून आणा. शेंगदाणे अख्खे देऊ नका, पाचच्या आतल्या पोराच्या घशात अडकतात, कूटच करायचा. बुरशी आलेला, कडवट शेंगदाणा एक जरी दिसला तरी ती मूठ टाकून द्या. ज्वारीची भाकरी कुस्करून वरणात, उप्पीट, खिचडी, धपाटं, हुग्गी, पोरं हे खातात कारण घरी हेच असतं. बिस्किटचे पुडे घेऊन येणाऱ्या दात्यांना नम्रपणे सांगा की त्याच पैशात केळी किंवा अंडी द्या.

वजन-दंडघेर दर महिन्याला सेविकेबरोबर बसून घ्या. दंडाच्या पट्टीवर पाच वर्षांच्या आतल्या पोराचा आकडा साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना, साडेबाराच्या खाली असेल तर सेविका आणि घरचे दोघांशी बोलणं. शाळा आणि अंगणवाडीत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्या दिवशी तुमची सगळी पोरं अंगणवाडीत हजर पाहिजेत, कान-डोळे-दात सगळं तिथं फुकट बघितलं जातं.

पैशाचं सांगते. सगळ्यात मोठा खर्च पगार, मग जेवण, मग भाडं-वीज, खेळणी शेवटी. देणारे बरोबर उलटं देतात, खेळणी आणि रंगकाम पटकन मिळतं, ताईचा पगार द्यायला कुणी तयार होत नाही, कारण पगारावर नावाची पाटी लावता येत नाही. एका देणगीदारानं आम्हाला दोन कॉम्प्युटर दिले होते, चार वर्षांच्या पोरांसाठी, आणि उद्घाटनाला पोरांना दोन तास उन्हात उभं केलं. त्यानंतर आम्ही ठरवलं की काय लागतं ते आम्ही लिहून देणार. आता आमची मागणी अशी असते: एका ताईचा एक वर्षाचा पगार, किंवा वीस पोरांचं एक महिन्याचं धान्य, किंवा सतरंज्या. वाढदिवसाला केक आणू नका, त्या दिवशीचं जेवण तुमच्याकडून. पोरांचे चेहरे फोटोत नकोत.

संस्था नोंदवायची असेल तर सहाय्यक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय सोलापुरात आहे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी होते, मग आयकर सवलतीच्या, बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, मग कंपन्यांच्या सीएसआरकडं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीकडं, जाता येतं. पण सुरुवातीलाच या मागं धावू नका. पहिलं वर्ष एखाद्या नोंदणीकृत मंडळाच्या किंवा बचत गटांच्या फेडरेशनच्या छत्राखाली काढा, हिशोब रोज वहीत, महिन्याला पालकांसमोर वाचून दाखवायचा. आयांकडून थोडी फी घ्याच, ज्याला जमेल तेवढी, आणि विडीचे पैसे आठवड्याला मिळत असतील तर फी पण आठवड्याला घ्या, महिन्याच्या एक तारखेला मागितली तर ती त्यांना जड जाते. फी देणारी आई जेवण खराब झालं तर विचारते, आणि तिनं विचारलंच पाहिजे.

कंपनीवाले विचारतात, दिवसभर कशाला, चार तास पुरत नाहीत का. तेव्हा मी अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिनाचं उदाहरण सांगते. १९७२ ला तिथं गरीब घरातल्या १११ बाळांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला, त्यातल्या निम्म्यांना शाळेत जाईपर्यंत दिवसभर, वर्षभर चांगली देखभाल आणि खेळातून शिक्षण दिलं, आणि तिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. ती पोरं कॉलेज पूर्ण करण्यात बाकीच्यांच्या खूप पुढं होती. पण तिथं थोड्या पोरांमागं एक शिकलेलं माणूस होतं, जेवण होतं, डॉक्टर होता. नुसते तास वाढवून पन्नास पोरं एका खोलीत कोंबली तर त्यातलं काहीच मिळणार नाही, हे पण मी त्याच बैठकीत सांगते, पैसे कमी मिळाले तरी चालतील. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मोबाइल क्रेशेस आहे, १९६९ ला दिल्लीत राजघाटजवळच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या पोरांसाठी तंबूत सुरू केलं. आई जिथं काम करते तिथं आणि ती काम करते तेवढा वेळ, इतकी सरळ गोष्ट होती ती.

वर्षाचं पण गणित आहे. मे महिन्यात सोलापूर ४२-४३ च्या वर जातं, सगळ्या शाळा बंद, पण विडी आणि माग बंद नसतात, म्हणून आम्ही मेमध्ये बंद ठेवत नाही, वेळ सकाळी आठची करतो, बारा ते चार बाहेर कुणी नाही, माठ, ओली गोणपाटं खिडकीला, ताक, लिंबू-मीठ-साखर. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या दिवसांत हजेरी पडते, त्या आठवड्यात ताईंना आळीपाळीनं सुट्टी द्या. ताप-खोकला असलेल्या पोराला घरी ठेवा असा नियम सगळे लिहितात, पण आईचा त्या दिवसाचा रोज जातो, म्हणून आमच्याकडं कोपऱ्यात पडदा लावून एक खाट आहे, साधी सर्दी असेल तर तिथं पडून राहायचं. अंगावर पुरळ, जुलाब, जोराचा ताप असेल तर मात्र आईला निरोप.

पहिलीत घालायची वेळ आली की जन्मदाखला आणि आधारची कामं जानेवारीतच सुरू करा, जूनमध्ये कुणालाच वेळ नसतो. पोरं ज्या शाळेत जाणार तिथल्या पहिलीच्या बाईंना आधीच बोलवून घ्या, एक दिवस पोरांना त्यांचा वर्ग दाखवून आणा, बाक, फळा, संडास कुठं आहे ते. आणि सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी ही पोरं परत आपल्याकडं आली तर हाकलू नका, आमच्याकडं सहा-सात जण येतात, जेवतात, लहानांना गोष्ट वाचून दाखवतात.

संध्याकाळी सोडताना घाई होते, तिथंच गडबड होते. प्रत्येक पोराला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो रजिस्टरला लावलेले पाहिजेत, दारू पिऊन आलेल्या बापाच्या हातात पोरगं द्यायचं नाही, तो कितीही ओरडला तरी, अशा वेळी दोघी ताई दारात उभ्या राहतात आणि आईला फोन. न्यायला आलेल्या आईला रोज एक तरी गोष्ट सांगायची, आज काय खाल्लं, किती झोपलं, कुणाशी भांडलं. आई तंबाखूच्या हातांनी आलेली असते, दाराबाहेर पाण्याची बादली आणि साबण ठेवा, ती हात धुते, मग पोराला उचलते. सहानंतर राहिलेल्या पोरासाठी एक ताई साडेसहापर्यंत थांबते, तिला त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे.